पीनट बटरच्या चॉकलेट गोळ्या घरी करताना : कंपाऊंड घ्यावे की कुव्हर्चर?

पीनट बटर, बटर आणि पिठीसाखर एकत्र मळून गोळ्या वळायच्या आणि त्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून बटर पेपरवर ठेवायच्या, एवढीच या पदार्थाची कृती आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक असते. निर्णय घ्यावा लागतो तो चॉकलेट विकत घेताना. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात बेकिंगचे सामान विकणारी दुकाने आहेत. तेथे डार्क कंपाऊंडचे (दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेल्या चॉकलेटचे) स्लॅब आणि कुव्हर्चरची (कोकोची स्वतःची चरबी, म्हणजे कोको बटर, असलेल्या चॉकलेटची) पाकिटे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. रंग सारखा, वेष्टनही जवळपास सारखे, किमतीत मात्र बहुधा दुपटीहून अधिक अंतर. घरी करायचे आहे असे सांगितले की दुकानदार सहसा कंपाऊंड पुढे करतो आणि त्याचा हा सल्ला सरसकट चुकीचा म्हणता येणार नाही. मी या गोळ्यांसाठी दोन्ही प्रकार पुष्कळ वापरले आहेत आणि आता माझा कल एका बाजूला झुकलेला आहे. तो का झुकला, आणि कोणाकोणाने माझ्या मागे येऊ नये, हे दोन्ही सांगण्याचा येथे प्रयत्न करतो.

या मिठाईचे माहेर अमेरिकेत आहे. हर्शी या चॉकलेट कंपनीत पूर्वी नोकरी केलेल्या एच. बी. रीस यांनी १९२८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात पीनट बटर कप बनवायला सुरुवात केली, तो तिचा कारखान्यातला अवतार. घरगुती अवतार ओहायो राज्यातला. बकाय हा ओहायोचा अधिकृत राज्यवृक्ष. त्याची बी गडद तपकिरी असते आणि तिच्या एका बाजूला फिकट डाग असतो. तिच्यासारखी दिसावी म्हणून तिकडे गोळी पूर्ण न बुडवता माथ्यावर सारणाचे एक वर्तुळ उघडे ठेवतात आणि तिलाही बकायच म्हणतात. या गोळ्यांच्या जुन्या घरगुती कृतींत एक घटक हमखास आढळतो, तो म्हणजे चॉकलेटमध्ये किसून घालायचे खाण्याजोगे पॅराफिन मेण. चॉकलेट वितळवून पुन्हा घट्ट होऊ दिले की त्याची चकाकी जाते आणि ते बोटांना लागू लागते. त्यावर टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट वितळवून ठरावीक तापमानांना उतरवणे आणि पुन्हा थोडे वर आणणे, हा खरा उपाय, पण तो टाळायचा असेल तर मेण. म्हणजे आपण दुकानात ज्या प्रश्नापाशी थबकतो, तोच प्रश्न ओहायोतल्या स्वयंपाकघरांतही होता आणि त्यांनी तो मेणाने सोडवला. आपल्याकडे तेच काम कंपाऊंड करते.

दोहोंमधला मूळ फरक स्निग्ध पदार्थाचा आहे. कुव्हर्चरमध्ये कोको बटर असते आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार डार्क कुव्हर्चरमध्ये ते किमान ३१ टक्के असावे लागते. कंपाऊंडमध्ये कोको पावडर असते, पण कोको बटरच्या जागी बहुतेक वेळा पाम कर्नलसारख्या तेलापासून केलेली, हायड्रोजनेशनने घट्ट केलेली वनस्पतिजन्य चरबी असते. पाकिटामागची घटकांची यादी वाचली की हे लगेच कळते. बाकीचे सगळे गुणदोष या एकाच गोष्टीतून निघतात.

आधी कंपाऊंडची बाजू, कारण ती भक्कम आहे. ते वितळवायचे, बुडवायचे आणि सुकू द्यायचे. थर्मामीटर लागत नाही, संगमरवरी फरशी लागत नाही आणि खोलीचे तापमान दोन अंशांनी वर-खाली झाले तरी काही बिघडत नाही. गोळी काट्यावर घेऊन बुडवली, भांड्याच्या कडेवर काटा दोनदा आपटून जादा चॉकलेट निथळू दिले आणि बटर पेपरवर सरकवली की काही मिनिटांत आवरण कोरडे होते व त्याला बऱ्यापैकी चकाकी असते. मुलांना हाताशी घेऊन करायचे असेल तर हा निवांतपणा फार मोलाचा आहे, कारण मुलांचा वेग आणि टेम्पर केलेल्या चॉकलेटचा वेग यांचा मेळ बसत नाही. दिवाळीच्या सुमारास घरून चॉकलेटच्या ऑर्डर घेणाऱ्या अनेक गृहिणी कंपाऊंडच वापरतात, त्यामागे किमतीइतकेच हे खात्रीचे वागणेही असावे असे मला वाटते. शिवाय आपल्या हवेचा विचार करून तयार केलेल्या कंपाऊंडमधली चरबी जरा जास्त तापमानाला वितळणारी असते, त्यामुळे एप्रिलमध्येही डबा उघडल्यावर गोळ्या आपला आकार धरून असतात. नागपूरला किंवा सोलापूरला कुरिअरने पाठवायच्या असतील तर मी आजही दुसरा विचार करणार नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय बदलला, तिच्याकडे येतो. कंपाऊंड चढवलेली गोळी खाल्ल्यावर टाळ्याला एक तुपकट, मेणचट थर बसतो आणि तो जात नाही. साध्या कंपाऊंडची वडी खाताना तो एवढा जाणवत नाही, बिस्किटावरच्या आवरणात तर जवळजवळ नाहीच. बिस्किट त्याला खरवडून नेत असावे. पीनट बटरच्या बाबतीत मात्र तो फार खटकतो. याचे कारण मला असे दिसते की पीनट बटर स्वतःच टाळ्याला चिकटणारे आहे. त्याला वितळवत नेणारे, त्याच्या आधी विरघळून वाट मोकळी करणारे काही तरी सोबत हवे असते. जी चरबी उन्हाळ्यात टिकावी म्हणून अधिक तापमानाला वितळणारी केली आहे, ती तोंडाच्या ३६-३७ अंशांतही पुरती वितळत नाही. उरलेला भाग सारणाभोवती लपेटून राहतो आणि भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा जिभेपर्यंत पोहोचण्याआधी गोडवा आणि चिकटपणाच पोहोचतो.

हे पडताळायचे असेल तर एक गोळी दातांनी अर्धी तोडावी आणि न चावता जिभेवर धरावी. कुव्हर्चरचे आवरण प्रथम कडेने मऊ होते, मग सगळेच एकदम पातळ होऊन सारणावरून ओघळते. त्या क्षणी जिभेला किंचित गारवाही जाणवतो, कारण कोको बटर वितळताना तोंडातली उष्णता ओढून घेते. त्यानंतर उरते ते फक्त सारण, आणि त्यातले मीठ, दाण्याचा भाजका वास व शेवटचा हलका कडवटपणा वेगवेगळे ओळखू येतात. कंपाऊंडच्या गोळीत आवरण आणि सारण यांचा हा क्रम लागतच नाही. दोन्ही एकत्र मळली जातात आणि संपल्यावर पाण्याचा घोट घ्यावासा वाटतो, आणि गार पाण्याच्या घोटाने तर तो थर आणखी घट्ट होतो. हे माझ्या जिभेचे म्हणणे आहे, प्रयोगशाळेचे नव्हे. घरातल्या सगळ्यांनाच ते तितके जाणवते असेही नाही. लहान मुलांना तर कंपाऊंडचा गोडवाच अधिक आवडतो. पण एकदा हा थर लक्षात आला की पुढच्या प्रत्येक गोळीत तो आधी जाणवतो, आणि मला तो दुर्लक्षित करणे जमले नाही.

कुव्हर्चर फुकट सुख देत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत घट्ट होऊ शकते आणि त्यांपैकी पाचवे रूपच आपल्याला हवे असते. कडक, चकाकणारे, कट्कन मोडणारे आणि साधारण ३३-३४ अंशांना वितळणारे असे ते रूप असते. नुसते वितळवून गार केले तर बाकीची रूपे मिसळतात आणि आवरण मऊ, निस्तेज व पांढुरक्या पट्ट्यांचे होते. म्हणून डार्क कुव्हर्चर आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचे, मग २७-२८ पर्यंत उतरवायचे आणि पुन्हा ३१-३२ वर आणून त्याच तापमानाला काम करायचे. दुधाच्या कुव्हर्चरसाठी हे आकडे दोनएक अंश खाली असतात आणि काम २९-३० वर करायचे असते.

घरी यासाठी मला बीजपद्धत सर्वांत सोयीची वाटते. ४०० ग्रॅम कुव्हर्चर असेल तर त्यातले दोन तृतीयांश वितळवायचे, उरलेले बारीक चिरून थोडे थोडे घालत ढवळत राहायचे. घातलेल्या तुकड्यांत योग्य स्फटिक आधीच असतात आणि ते बाकीच्या चॉकलेटला आपल्या वळणावर नेतात. शेवटचे तुकडे विरघळायला नाराज दिसू लागले की आपण ठिकाणावर आलो असे समजावे. मग सुरीचे टोक बुडवून ओट्यावर ठेवावे. तीन ते पाच मिनिटांत पात्यावरचे चॉकलेट कडेकडून साटिनसारखे मंद चकाकत सुकले आणि बोट लावल्यावर ठसा उमटला नाही, तर काम सुरू करावे. ओले राहिले किंवा त्यावर रेघा दिसल्या तर आणखी ढवळावे. एक साधा डिजिटल थर्मामीटर एवढाच यासाठी जादा खर्च आहे. हात बसला की हे काम अर्ध्या तासात होते आणि मला स्वतःला ते ढवळणे आवडते, हे मान्य करायला हवे. ज्यांना ते आवडत नाही त्यांना तो अर्धा तास फार मोठा वाटेल.

खरी अडचण ऋतूची आहे. टेम्पर केलेल्या चॉकलेटला २० ते २२ अंशांची खोली मानवते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ती आपसूक मिळते, नाशिकलाही मिळते. मुंबईत आणि कोकणात मात्र वर्षातले थोडे दिवस सोडले तर एसी लावल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तेथे दमटपणाचे आणखी एक दुखणे आहे. फ्रीजमधून काढलेल्या गार गोळीवर हवेतले बाष्प जमते, ते आवरणातली साखर विरघळवते आणि पाणी उडून गेल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. म्हणून कुव्हर्चरच्या गोळ्या फ्रीजमध्ये ठेवायच्याच असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. एप्रिल-मेमध्ये घराबाहेर ३८ अंश असताना, एसी नसलेल्या स्वयंपाकघरात कुव्हर्चर टेम्पर करण्याच्या फंदात पडू नये असेच मी सांगेन. त्या दोन महिन्यांत कंपाऊंड हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

सारणाविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्यांचा आवरणाच्या निवडीशी थेट संबंध आहे. पहिली तेलाची. शेंगदाण्याचे तेल हळूहळू सारणातून आवरणात शिरते. कोको बटरमध्ये ते मिसळले की आवरण मऊ पडते आणि काही आठवड्यांत वर राखाडी झाक येते. कंपाऊंडही या तेलाने मऊ होते, पण ते लवकर डोळ्यांत भरत नाही. म्हणूनच मोकळे तेल जितके कमी, तितके कुव्हर्चर अधिक काळ चांगले राहते. घरी दळलेले पीनट बटर चवीला कितीही उजवे असले तरी त्यात तेल वर तरंगते. बाटलीतले, तेल वेगळे न होणारे पीनट बटर या कामाला अधिक सोयीचे पडते. मी मध्यम मार्ग काढतो. अडीचशे ग्रॅम पीनट बटर, पन्नास ग्रॅम बिनमिठाचे बटर, सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर आणि त्यात पन्नास-साठ ग्रॅम अगदी बारीक दाण्याचा कूट. कूट मोकळे तेल धरून ठेवतो आणि अमेरिकी कृतीतली भरमसाट साखरही कमी करता येते. कुटासाठी जाड्या दाण्यापेक्षा घुंगरू दाणा मला अधिक खमंग वाटतो. तो मंद आचेवर, टरफल सहज सुटेपर्यंत भाजावा आणि पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावा, नाही तर कुटाचा गोळा होतो. मीठ विसरू नये. चिमूटभर जास्तच झाले तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट गोळीच्या तापमानाची. कंपाऊंडमध्ये बुडवताना गोळ्या फ्रीजमधून थेट काढलेल्या असल्या तरी चालते, फक्त आवरण जाड बसते. कुव्हर्चरला ते चालत नाही. गार गोळीवर आवरण आकसून बसते, पुढे सारण खोलीच्या उष्णतेने फुगते आणि बारीक तडा जातो. त्या तड्यातून तेलाचा थेंब बाहेर येतो. गोळ्या अर्धा तास फ्रीजमध्ये घट्ट करून घ्याव्यात, पण बुडवण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवाव्यात. बोटाने दाबल्यास आकार धरतील, पण हाताला गारठा लागणार नाही, इतपत त्या असाव्यात. असे केले की कुव्हर्चरचा थर पातळ बसतो आणि हा पातळपणाही माझ्या झुकत्या मापामागचे एक कारण आहे. एवढ्याशा गोळीत चॉकलेटने सारणावर मात करू नये.

किमतीचे काय? कुव्हर्चर महाग आहेच आणि २०२४ मध्ये घाना व आयव्हरी कोस्टमधील पीक घटल्यामुळे जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा ते आणखी महागले. मोठ्या प्रमाणावर करणाऱ्याला हा फरक सोसणे कठीण आहे आणि त्याने कंपाऊंड वापरले तर त्यात कमीपणा काही नाही. घरापुरते करताना हिशेब वेगळा पडतो. वरच्या प्रमाणाच्या सारणाला बुडवण्यासाठी भांड्यात पुरेशी खोली हवी म्हणून ४०० ग्रॅम चॉकलेट वितळवावे लागते, पण प्रत्यक्ष खपते त्याहून बरेच कमी. उरलेले बटर पेपरवर ओतून सुकवले की पुढच्या वेळी पुन्हा वापरता येते. फक्त त्यात सारणाचे कण पडले असतील तर ते बिस्किटांसाठी ठेवावे.

डार्क की दूध, याबाबत माझे मत थोडक्यात सांगतो. सारण गोड असल्यामुळे ५५ टक्क्यांच्या आसपास कोको असलेले डार्क कुव्हर्चर मला सर्वांत चांगले जुळते. ७० टक्क्यांचे घेतले तर दाणा मागे पडतो. दुधाचे घेतले तर मुले खूश होतात, पण टेम्परिंगला ते जरा अधिक नाजूक आहे आणि पहिल्या वेळी त्याने सुरुवात करू नये.

तेव्हा ज्यांच्याकडे हिवाळ्यातली एक सकाळ आहे, थर्मामीटर घ्यायची तयारी आहे आणि गोळ्या आठ-पंधरा दिवसांत घरातच संपणार आहेत, त्यांनी एकदा तरी कुव्हर्चर घेऊन पाहावे असे मी आग्रहाने सुचवेन. वाढदिवसाला मेमध्ये शंभर गोळ्या करायच्या असतील, प्रवासात न्यायच्या असतील किंवा वर्तुळ उघडे ठेवून बकायसारख्या सजवण्यातच मुलांना गोडी असेल, तर कंपाऊंड घ्यावे आणि त्यातही शक्यतो डार्क घ्यावे. ते कमी गोड असते आणि टाळ्यावरचा थर त्यात थोडा तरी झाकला जातो.

एक तोडगा अनेकांच्या मनात येतो, तो म्हणजे दोन्ही अर्धी-अर्धी मिसळण्याचा. दिसायला तो सोयीचा आहे, पण तो करू नये. पाम कर्नलची चरबी आणि कोको बटर एकमेकांच्या स्फटिकांना नीट जमू देत नाहीत. मिश्रण दोहोंपेक्षाही कमी तापमानाला मऊ पडते, बोटांना लागते आणि लवकर पांढुरके होते. आधी कंपाऊंड वितळवलेल्या भांड्यात नंतर कुव्हर्चर घ्यायचे असेल तर भांडे गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करून घ्यावे, कारण राहिलेला पाण्याचा एक थेंबही वितळलेले चॉकलेट दोन्ही बाबतींत सारखेच आवळून टाकतो.